टोकावरचे कुलूप

माणसाच्या संस्कृतीचा खरा पाया अग्नी नाही, चाक तर नाहीच नाही. तो कुलूप आहे, असे कुलूपवाल्यांनी उजाडता उजाडता घराच्या पायरीवर उभे राहून जाहीर केले. त्या वेळी ते दोन्ही खिसे उलटे करून स्वतःच्या घराची किल्ली शोधत होते.

"संस्कृतीचं नंतर बघू," त्यांची बायको म्हणाली. "आधी किल्ली बघा. जावई गाडी सुरू करून बसलेत."

"किल्ली कुठे जात नसते. माणसं जातात."

गाडीतून त्यांच्या थोरल्या बहिणीचा आवाज आला. तिला घरात सगळेच आत्या म्हणत, आणि गुडघ्यांच्या नावावर तिने पुढची जागा केव्हाच पटकावली होती.

"बाळ, गावभरची दारं उघडतोस, आणि स्वतःचं लावता येत नाही होय रे? एखादा चांगला कुलूपवाला बोलवू का?"

बाळ पासष्ट वर्षांचे होते. त्यांनी पायपुसणे उचलून पाहिले, कुंडी हलवून पाहिली, बायकोच्या पर्समध्ये हात घातला आणि चापट खाऊन बाहेर काढला. शेवटी मुलगी गाडीतून उतरली. किल्ली दाराला, बाहेरच्या बाजूने, लटकत होती. बहुधा रात्रभर तिथेच असावी. जावयाचा हात हॉर्नवर पडला, आणि त्याने तो चुकून पडल्यासारखे केले.

कुलूपवाल्यांनी दार ओढले, किल्ली फिरवली आणि मूठ धरून तीनदा हिसका दिला. हे तीन हिसके त्यांनी आयुष्यात कधी चुकवले नव्हते.

"मागचं दार बघितलंत ना?" बायकोने विचारले.

"हत्तीने धडक दिली तरी हलणार नाही," ते म्हणाले आणि लहान मुलासारखे मागच्या सीटवर मधोमध जाऊन बसले.

सहलीचे कारण वरकरणी समुद्र होता. शहरापासून सकाळच्या मोकळ्या रस्त्याने गेले तर न्याहारी जिरायच्या आत टोक येते. तिथे जमीन एकाएकी समुद्रात नाक खुपसते, आणि त्या नाकावर दीपगृह आहे, जुन्या तोफांची रांग आहे, बुडालेल्या खलाशांची दफनभूमी आहे आणि तोफांची दारू ठेवायचे दगडी कोठार आहे. शहरातले झाडून सगळे लोक तिथे जाऊन आले होते. कुलूपवाले गेले नव्हते. लोक घराबाहेर अडकतात ते सुट्टीच्या दिवशीच, त्यामुळे त्यांना सुट्टी कधी सापडलीच नाही.

पण त्या कोठाराच्या दाराला जे कुलूप होते ते त्यांचे होते. तीस वर्षांपूर्वी जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या खात्याने ते करून घेतले होते. मुलगी तेव्हा दुकानात फळीखाली बसून बाद किल्ल्यांची कुटुंबे लावत असे: ही आई, ही आजी, ही भांडून गेलेली काकू. तिला ते कुलूप आठवत होते. तान्ह्या मुलाच्या डोक्याएवढे होते, बाबा त्याला फडक्यात गुंडाळून ठेवत आणि कधीमधी तिला किल्ली फिरवू देत. एके दिवशी खात्याचा माणूस आला आणि ते घेऊन गेला. त्यानंतर घरात कुणी ते पाहिले नव्हते; ऐकले मात्र रोज होते.

आणि आता दुकान विकायचे होते. जावई विम्याच्या कामात होता, चार लोकांत ऊठबस होती. त्याने गिऱ्हाईक आणले होते. गिऱ्हाइकाला तिथे फोनची कव्हरे विकायची होती. सोमवारी ते बोलणे पक्के करायला येणार होते. मुलीचेही मत विकावे असेच होते. बाबा या वयात शिडी लावून लोकांच्या खिडक्यांतून आत शिरतात, हे तिला पाहवत नव्हते. शिवाय दुकान चालवणार कोण? ती स्वतः दातांच्या कवळ्या बनवायच्या कामात होती. कुलूपवाल्यांच्या मते तो धंदा वेगळा नव्हताच. साचा घ्यायचा, खाच धरायची, कानस मारायची, आणि गिऱ्हाईक तोंड वाकडे करून सांगणार की लागत नाही.

"टोकावर जाऊ," ते म्हणाले होते. "कुलूप बघ. बघून तू विका म्हणालीस, तर सोमवारी मी स्वतः पाटी उतरवतो. एका शब्दाने बोलणार नाही."

बायकोच्या मते यातले शेवटचे वाक्य सर्वस्वी अशक्य होते.

गाडी शहराबाहेर पडली तसा कुलूपवाल्यांना धीर निघेना. दर वळणाला ते पुढच्या दोन सीटांच्या मधून डोके काढत.

"आलं का?"

"बाबा, अजून पेट्रोलपंपही आला नाही," जावई म्हणाला.

"त्याला दोन खाचा आहेत, सांगितलं का तुम्हाला? एक खोटी."

"साखरपुड्याला सांगितलंत. लग्नातही सांगितलंत."

"आणि आत गेल्यावर काय बघायचं ते तरी ठरवलंय का?" आत्याने विचारले. "का तिथेही पाठ करून उभा राहणार आहेस?"

मुलगी हसली. लहानपणी ती बाबांबरोबर कामावर जायची, तेव्हा तिला सगळ्यात गंमत याचीच वाटे. खटका पडला, दार उघडले, की बाबा त्याच क्षणी गर्रकन वळत आणि घराकडे पाठ करून रस्त्याकडे बघत उभे राहत. आत काय आहे ते घरवाल्याचे; आपले काम खटक्यापर्यंत. हा नियम त्यांना त्यांच्या वडिलांनी घालून दिला होता, आणि त्यांनी तो मुलीला.

"एकदा आत चोर होते," आत्या जावयाला सांगू लागली. ही गोष्ट त्यालाही पाठ होती, पण आत्या गोष्ट सांगताना माणसाने न ऐकणे तिला खपत नसे. "याने दार उघडलं आणि फिरला. चोर याच्या पाठीमागून गाठोडं घेऊन निघून गेले. जाताना म्हणाले, आभारी आहोत. आणि हा म्हणतो, काही हरकत नाही!"

"सभ्य होते बिचारे," कुलूपवाले म्हणाले.

तेवढ्यात रस्ता चढाला लागला, उतरला, आणि समोर समुद्र आला. एवढा निळा, एवढा मोठा आणि एवढा अचानक, की गाडीतले पाचही जण एकदम ओरडले. आत्या सगळ्यांत मोठ्याने ओरडली आणि मग खोकल्यासारखे केले.

टोकावर वारा असा होता की बोललेले वाक्य दुसऱ्याच माणसाला ऐकू जात होते. बायकोने पहिल्याच तोफेवर हात ठेवला आणि कुणी बघत नाही असे पाहून ती तोफेच्या तोंडात डोकावली. जावई कड्याच्या काठाशी जाऊन खाली फुटणाऱ्या लाटा बघून आला आणि हरखून म्हणाला, "काय जागा आहे! कठडा म्हणून नाही कुठे. इथे नुसतं टेबल टाकून बसलं तरी पॉलिसी जातील." आत्या, जिला गाडीतून उतरायला दोघांनी हात दिला होता, ती दीपगृहाच्या वाटेवर सगळ्यांच्या पुढे निघाली होती.

"आधी कोठार!" कुलूपवाले वाऱ्यावर ओरडले. "दीपगृह कुठे पळत नाही!"

त्यांच्या बुटाची नाडी सुटली. ती बांधायला ते वाकले, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "मी पुढे जाऊन रस्ता बघून येते," आणि पळाली. आज तिलाही धीर निघत नव्हता.

कोठार जमिनीच्या शेवटच्या तुकड्यावर होते. बसके, जाड दगडांचे, पुढून अगदी धडधाकट. दाराजवळ लाकडी पाटी होती. पाटीवर बाण होता आणि लिहिले होते: दारूकोठार, प्रवेश मागील बाजूने.

मुलगी बाणाप्रमाणे मागे गेली.

मागे भिंत नव्हती. म्हणजे होती, पण खाली, समुद्रात. वरून तिचे दगड दिसत होते. कोठार त्या बाजूने एखाद्या कपाटासारखे उघडे होते. आत एक नवरा-बायको चटई टाकून उकडलेली अंडी खात बसले होते. भिंत जिथे असायला हवी होती तिथे एक बाई स्टुलावर बसून तिकिटे फाडत होत्या. एका परीने भिंतीचे काम त्यांच्याकडे आले होते.

"ही भिंत?" मुलीने विचारले.

"वादळात गेली. मी कामाला लागायच्या आधीच."

"आणि पुढचं दार?"

"ते नाही उघडत. खात्याने किल्ली हरवली. मग तोडायला माणसं आली, त्यांची करवत मोडली. दुसरी आणली, ती पण मोडली. तिसरी मागवणार होते, एवढ्यात भिंत पडली आणि प्रश्न मिटला."

"कुलूप माझ्या वडिलांनी केलंय," ती म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे गावातल्या नामचीन माणसाच्या मुलीकडे बघावे तसे बघितले. "त्यांना म्हणावं, फार त्रास झाला."

"ते आलेत. पुढे येतायत."

"उघडायला?" बाई स्टुलावरून उठल्या.

"नाही हो, नुसतं बघायला. त्यांना फक्त..." मुलगी चटईवरच्या जोडप्याकडे वळली आणि तिने तोंडावर बोट ठेवले. "कृपा करून थोडा वेळ बोलू नका. माझे बाबा दारापलीकडे असतील."

अंडे तोंडात असल्यामुळे नवऱ्याने नुसती मान हलवली.

ती धावत पुढे आली तेव्हा मंडळी पोचतच होती. तिने जावयाचा दंड धरला आणि त्याला पाटीपुढे उभे केले. विम्याच्या धंद्यात त्याची पाठ चांगली रुंद झाली होती.

"इथून हलू नकोस."

"का?"

"विचारू नकोस. हलू पण नकोस."

कुलूपवाले दारासमोर उभे होते. कुलूप जाड लोखंडी अडसराला लटकत होते, मुलीच्या आठवणीतल्याएवढेच, फक्त पितळ हिरवट झालेले. त्यावर करवतीचे दोन ओरखडे होते. कुलूपवाल्यांनी ओरखड्यांवरून अंगठा फिरवला.

"कुणीतरी प्रयत्न केलाय," ते म्हणाले. त्यांचा चेहरा फुलून आला. "दोनदा केलाय!"

"करवती मोडल्या म्हणे, बाबा. तिकीटवाल्या बाई सांगत होत्या."

"मोडणारच!" त्यांनी बायकोचा हात दाबला. "ऐकलंस? करवती! अनेकवचनी!"

"छान आहे, बाबा," मुलगी म्हणाली. "पाहिलं. आता दीपगृहाकडे जाऊ या."

"पाहिलं काय? कुलूप ही बघायची वस्तू नाही. बघायला दीपगृह आहे." असे म्हणून त्यांनी शर्टाचे वरचे बटण काढले आणि गळ्यातली दोरी ओढली. दोरीला एक लांब, जुनी किल्ली होती.

बायकोला ती किल्ली चांगली माहीत होती. तीस वर्षे ती तिला टोचत आली होती. "ती तर तिजोरीची म्हणाला होतात ना?"

"आपल्याकडे तिजोरी कुठे आहे?"

"तेच मी इतकी वर्षं विचारतेय."

"बाबा, किल्ल्या खात्याला द्यायच्या होत्या," मुलगी म्हणाली.

"दिली की एक. दुसरी कशाला देऊ? हरवतात ते लोक." त्यांनी खिशातून तेलाची बाटली काढली.

एवढ्यात एकसारख्या पिवळ्या टोप्या घातलेला निवृत्तांचा एक घोळका वाटेवर आला. काहीतरी चालले आहे म्हटल्यावर सगळे थांबले. कुलूपवाल्यांनी वरच्या खाचेत किल्ली घातल्यासारखे केले, मान हलवली, आणि मग पितळेचे एक फूल अंगठ्याने सरकवले. फुलाखाली दुसरी खाच निघाली. पिवळ्या टोप्यांतून "अरे वा!" असा आवाज आला. कुलूपवाल्यांनी तेल सोडले, थांबले, किल्ली घातली आणि फिरवली.

किल्ली फिरली नाही.

त्यांनी पुन्हा फिरवली. तीस वर्षांची खारी हवा आत बसली होती. टोप्या पुढे झुकल्या. मुलीच्या मनात आले की नाही फिरली तर सगळेच सोपे होईल. दार उघडणार नाही, भिंत दिसणार नाही, सोमवारी गिऱ्हाईक येईल. हे तिच्या मनात येत असताना तिचा उजवा हात मात्र हवेत हळूच डावीकडे वळत होता.

"आत ढकलून," ती एकाएकी म्हणाली. "बाबा, आत ढकला आणि डावीकडे. जोर नको. आधी थोडं मागे."

कुलूपवाल्यांनी तिच्याकडे पाहिले नाही. त्यांनी किल्ली आत ढकलली, केसभर मागे घेतली, आणि डावीकडे वळवली.

खटका पडला. वाऱ्यातही तो सगळ्यांना ऐकू आला.

टाळ्या पडल्या. कुलूपवाल्यांनी कुलूप काढून छातीशी धरले, दुसऱ्या हाताने अडसर सरकवला, खांद्याने दार लोटले, आणि आयुष्यभराच्या सवयीने गर्रकन पाठ फिरवून उभे राहिले.

त्यांच्या मागे दार उघडत गेले. प्रथम समुद्राची एक पट्टी दिसली, मग रुंद झाली, मग सगळे दार निळे झाले. मध्यभागी चटईवरचे जोडपे फोटोला बसल्यासारखे ताठ बसले होते. नवऱ्याच्या हातात अर्धे अंडे तोंडाशी येऊन थांबले होते. शेजारी तिकीटवाल्या बाई दोन्ही हात जोडून, नव्या पाहुण्यांचे स्वागत करावे तशा उभ्या होत्या.

टाळ्या विरळ झाल्या.

"अहो," एक पिवळी टोपी म्हणाली, "इथे मागे तर..."

"मागे काय?" आत्या कडाडली. "मागे समुद्र आहे. समुद्र बघायलाच आलात ना? मग बघा की मुकाट्याने! टाळ्या का थांबल्या?"

टाळ्या पुन्हा सुरू झाल्या, पहिल्याहून जोरात.

कुलूपवाले सगळ्यांकडे तोंड करून उभे होते. वाऱ्याने त्यांचे मागचे केस पुढे आले होते. डोळे नुसते मुलीवर होते.

"कसं आहे आत?" त्यांनी विचारले. "कोरडं आहे ना?"

मुलीने त्यांच्या खांद्यावरून पाहिले. "कोरडं आहे, बाबा."

"कोंदट?"

"नाही. हवेशीर आहे."

"काही चोरीला वगैरे?"

"नेण्यासारखं काही राहिलेलंच नाही," आत्या म्हणाली, आणि बायकोने तिला चिमटा काढला.

कुलूपवाल्यांनी समाधानाने मान डोलावली. मग त्यांनी कुलूप उन्हात धरून कडीच्या आतली बाजू तपासली. "गंज नाही," ते कुणालाच उद्देशून न म्हणता म्हणाले. "एक ठिपका नाही."

"द्या," मुलगी म्हणाली. "मी लावते."

त्यांनी कुलूप आणि किल्ली तिच्या हातात दिली आणि ते जागचे हलले नाहीत. तिने दार ओढले. समुद्र अरुंद होत होत गेला. शेवटी फटीतून अंडेवाल्या नवऱ्याने तिला मान लववली. तिने अडसर सरकवला, कुलूप अडकवले, किल्ली उजवीकडे फिरवली. खटका तिच्या मनगटातून कोपरापर्यंत चढला. तिने कुलूप धरून हिसका दिला. मग आणखी एक. मग आणखी एक.

आता कुलूपवाले वळले होते. त्यांनी ते तीन हिसके पाहिले आणि त्यांना एकदम नाक शिंकरायची गरज पडली.

"काय मग?" ते रुमालातून म्हणाले. "सोमवारचं काय करायचं?"

मुलीने किल्लीची दोरी मनगटाला गुंडाळली. "अरे," तिने नवऱ्याला हाक मारली, "त्या कव्हरवाल्याला फोन कर."

"काय सांगू?"

"दुकान रिकामं नाही म्हणावं."

जावयाने तिच्याकडे पाहिले, सासऱ्यांकडे पाहिले. "सांगतो," तो म्हणाला. "पण आता इथून हललो तर चालेल का?"

"नाही. आधी आम्हाला दीपगृहापर्यंत जाऊ दे."

मग मात्र कुलूपवाल्यांना टोक पुरेना. ते दीपगृहाच्या जिन्यावर तरुणांना मागे टाकून चढले, तोफेवर बसले, दफनभूमीतल्या एका खलाशाला त्यांनी कुलपाची हकिकत सांगितली. पिवळ्या टोप्यांनी त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतले. मुलगी त्यांच्या बाजूला उभी होती आणि फोटो काढणाऱ्याला सांगत होती की दोन खाचा आहेत, एक खोटी.

परतताना ऊन कलले होते. आत्या पुढे घोरत होती.

"दार उघडलं तेव्हा आतून वारा आला," कुलूपवाले एकाएकी म्हणाले. "मानेला लागला."

जावयाने उगाच आरसा नीट केला.

"खिडकी असेल," बायको म्हणाली.

"दारूकोठाराला?"

"असेल एखादी."

ते बराच वेळ बाहेर मागे पडणाऱ्या समुद्राकडे पाहत राहिले. "मोठी असणार," ते म्हणाले. मग मुलीच्या मनगटावरची किल्ली चाचपून त्यांनी गाठ पक्की आहे ना ते पाहिले, आणि डोळे मिटून घेतले.

घरी पोचले तेव्हा अजून उजेड होता. कुलूपवाल्यांनी पायऱ्या चढून मूठ धरली, बंद असल्याची तीनदा खात्री करून घेतली, "बघा, जसंच्या तसं," असे म्हणून किल्ली फिरवली, दार लोटले आणि पाठ करून उभे राहिले. घरातून गार वारा आला आणि त्यांच्या मानेला लागला.

मागचे दार सकाळपासून उघडेच होते.